आसन जमते, गुडघा जातो

योगासने करताना दुखापत होते, हे वाक्य आपल्याकडे सहसा कुणी उच्चारत नाही. क्रिकेट खेळताना बोट मोडते, व्यायामशाळेत वजन उचलताना पाठ धरते, सकाळी पळायला गेलेल्याचा घोटा मुरगळतो, हे सारे आपण सहज मान्य करतो. योगाचे मात्र निराळे आहे. तो ऋषिमुनींनी सांगितलेला, शतकानुशतके चालत आलेला, सात्त्विक. त्याने अपाय कसा होईल? आणि झालाच, तर ‘तुमचेच काहीतरी चुकले असणार’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मग ज्याला लागले तोही गप्प बसतो. मान आखडलेली असते, गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो. पण कुणी विचारले तर ‘जिना उतरताना पाय वाकडा पडला’ असे सांगून तो वेळ मारून नेतो. सूर्यनमस्काराने कंबर धरली, हे सांगायची त्याला लाज वाटते!

गेली बावीस वर्षे मी एका शाळेच्या सभागृहात पहाटेचा योगवर्ग घेतो आहे. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारतो. पूर्वी कधी योगासने केली होती का? आणि केली असतील, तर सोडली का? पहिले उत्तर ठरलेले असते : वेळ मिळेना. ते पूर्ण खरे नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. थोडे बोलते केले की दुसरे उत्तर बाहेर येते. ‘सर्वांगासनात मान धरली, ती महिनाभर सुटली नाही.’ ‘पद्मासनाचा सराव केला आणि गुडघा सुजला.’ ‘पुढे वाकताना कमरेत लचक भरली, डॉक्टरांनी सगळे बंद करायला सांगितले.’ ही माणसे आळशी नव्हती. उलट बहुतेक वर्गांत सगळ्यांत उत्साही असतात ती हीच.

लचक भरली याचे मला फारसे वाटत नाही. ती बहुधा काही दिवसांत बरी होते. वाईट याचे वाटते, की ज्या पन्नाशीच्या माणसाला रक्तदाबासाठी, पाठीसाठी, झोपेसाठी योगाचा खरोखर उपयोग झाला असता, नेमका तोच ‘आपल्याला हे मानवत नाही’ असे म्हणून त्याला कायमचा रामराम ठोकतो. पुढची वीस-तीस वर्षे तो योगाशिवाय काढतो. दुखापतीची खरी किंमत ही आहे, आणि म्हणूनच या विषयावर मोकळेपणाने बोलायला हवे.

आधी प्रमाण पाहू, म्हणजे उगाच घबराट नको. योगाच्या ९४ वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार किंवा इतर व्यायाम यांच्या तुलनेत योग अधिक धोक्याचा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत २००१ ते २०१४ या चौदा वर्षांत योग करताना झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्यांची अंदाजे संख्या २९,५९० निघाली. तिथे कोट्यवधी लोक योग करतात, हे ध्यानात घेतले तर हा आकडा मोठा नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे : २०१४ मध्ये दुखापतीचे प्रमाण सर्वाधिक होते ते पासष्टीच्या पुढच्यांत. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात, योगवर्गाला जाणाऱ्यांची वर्षभर पाहणी केली तेव्हा साधारण दहांमागे एकाला योगामुळे नवे दुखणे लागल्याचे आढळले. त्याच पाहणीत बहुसंख्यांनी, योगाने आपले जुने दुखणे कमी झाले असेही सांगितले. म्हणजे औषध चांगलेच आहे. मात्रा आणि अनुपान मात्र पाहायला हवे.

गंमत अशी, की मात्रेची ही काळजी पाश्चात्त्य डॉक्टरांच्या आधी आपल्याच ग्रंथकारांनी घेतली होती. साधारण पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त स्वात्मारामाने योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. अत्याहार, वायफळ बडबड, लोकांतला अतिवावर, मनाची चंचलता या आपण समजू शकतो. नियमांचा अट्टहास हीही त्यात आहे. आणि या यादीत, अत्याहाराच्या लगेच नंतर, ‘प्रयास’ आहे! म्हणजे शरीराला शिणवणारी अतिरिक्त ओढाताण. पुढच्याच श्लोकात योग साधणाऱ्या गोष्टी येतात, तेव्हा पहिला मान ‘उत्साहा’ला मिळतो. उत्साह हवा, प्रयास नको, इतका बारीक फरक त्या माणसाने केला आहे. पतंजलीने तर आसनाला अवघी तीन सूत्रे दिली. आसन स्थिर हवे आणि सुखाचे हवे, हे पहिले. आणि ते साधते कशाने, तर प्रयत्न सैल सोडल्याने, हे दुसरे. दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून, थरथरत केलेले आसन दिसायला कितीही सुबक असले, तरी पतंजलीच्या हिशेबी ते आसनच नव्हे.

मग ही ओढाताण शिरली कुठून? माझ्या मते तिची दोन कारणे आहेत. पहिले कारण, आपले शरीर बदलले पण आसने तीच राहिली. आपल्या आजी-आजोबांची पिढी जमिनीवर वाढली. पाटावर बसून जेवण, उकिडवे बसून धुणे, मांडी घालून पोथी, गुडघे टेकून सारवण. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती माणसे जमिनीवर बसत आणि हात न टेकता उठत. त्यांच्या खुब्याचे सांधे आयुष्यभर मोकळे राहिले. पद्मासन ही त्यांच्या रोजच्या बसण्याची फक्त पुढची पायरी होती. आपण शाळेच्या बाकावरून ऑफिसच्या खुर्चीवर, तिथून गाडीच्या सीटवर आणि मग सोफ्यावर असे आयुष्य काढतो. पन्नाशीला योगवर्गात येतो आणि पहिल्याच आठवड्यात पाय मांडीवर चढवायला बघतो.

इथे शरीररचनेची एक साधी गोष्ट समजून घ्यावी. खुबा हा उखळी-मुसळासारखा सांधा आहे. तो सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा उघडतो आणि मिटतो. त्याला पीळ फार थोडा सोसतो. पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून. खुबा आखडलेला असेल आणि तरी आपण पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवले, तर उरलेला पीळ बिचाऱ्या गुडघ्यावर येतो. आतली कूर्चेची गादी चिमटली जाते, अस्थिबंध ताणले जातात. आसन जमते आणि गुडघा जातो, तो असा. उपाय अगदी सोपा आहे. बुडाखाली चादरीची जाड घडी घ्यावी, साधी मांडी घालावी, गुडघे वर राहिले तर त्यांच्याखाली उशा द्याव्यात. आणि गुडघ्यावर हात ठेवून तो खाली दाबू नये. शेजाऱ्याला तर मुळीच दाबू देऊ नये.

वज्रासनाविषयीही हेच. जेवणानंतर थोडा वेळ बसायला ते उत्तम. पण १९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका तरुणाची हकीकत आली होती. तो रोज कित्येक तास वज्रासनात बसून जप करीत असे. गुडघ्याच्या बाजूने पायाकडे जाणारी नस इतकी दबली, की त्याला पाऊल वर उचलता येईना. वज्रासन सोडल्यावर तो बरा झाला. पायाला मुंग्या येणे ही प्रगतीची खूण नव्हे. ती नसेची तक्रार आहे.

ओढाताणीचे दुसरे कारण म्हणजे छायाचित्र. हठप्रदीपिकेत आसने सांगितली पंधरा, घेरंडसंहितेत बत्तीस. त्यांत चित्रे नव्हती. गुरू समोर बसवून शिकवत असे. १९६६ मध्ये पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योग’ आले आणि सुमारे दोनशे आसने सुमारे सहाशे छायाचित्रांतून जगासमोर गेली. छायाचित्रांत अय्यंगार स्वतः आहेत. ती पाहून थक्क झाला नाही असा वाचक विरळा. पण त्या पुस्तकातल्या दोन गोष्टी वाचक हमखास नजरेआड करतात. बहुतेक आसनांच्या नावापुढे एक आकडा आहे, एकपासून साठपर्यंत. तो त्या आसनाच्या कठीणपणाचा. आणि पुस्तकाच्या शेवटी अभ्यासक्रम आहे तो तीनशे आठवड्यांचा! म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा. आपण चित्र पाहतो, आकडा पाहत नाही. आता तर पुस्तक उघडायचेही कष्ट नाहीत. मोबाइलवर वीस वर्षांची मुलगी समुद्रकिनारी एका पायावर कमान टाकते आणि तिची पन्नाशीची मावशी डोंबिवलीच्या दिवाणखान्यात, टीपॉय सरकवून, तेच करू बघते.

अय्यंगारांना दुखापत म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. लहानपणी क्षय, विषमज्वर आणि हिवताप भोगलेले त्यांचे शरीर मुळात लवचीक नव्हते. तरुणपणी हनुमानासन करून दाखवण्याच्या प्रसंगी मांडीचे स्नायू फाटल्याची आठवण त्यांनीच सांगितली आहे. पुढे साठी उलटल्यावर, १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात ते जायबंदी झाले आणि एकेकाळी लीलया केलेली आसने त्यांना पहिल्यापासून पुन्हा शिकावी लागली. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, घडीच्या खुर्च्या दिसतात, त्या पाहून काहींना हसू येते. ‘हा कसला योग, हे तर फर्निचरचे दुकान!’ असे म्हणणारे मला भेटले आहेत. परंतु शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर शरीर फाडायचे नाही, आसन जवळ आणायचे, हा विचार त्या खुर्चीमागे आहे. हात जमिनीला टेकत नाही? मग जमीन एका विटेने वर आणा. पाय धरता येत नाही? पावलांभोवती पंचा टाका आणि पंच्याची टोके धरा. यात काहीही कमीपणा नाही.

सगळ्यांत जास्त जपावे लागते ते मानेला आणि पाठीला. शीर्षासनाला आसनांचा राजा म्हणतात खरे. पण जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या योगातील इजांच्या ७६ हकिकती २०१३ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ज्या आसनाचे नाव सर्वाधिक वेळा आले ते हेच. मानेचे सात मणके डोक्याचा चार-पाच किलोंचा भार पेलण्यासाठी घडलेले असतात. सारे शरीर पेलण्यासाठी नव्हेत. त्यांच्यातूनच मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. मान टोकापर्यंत वाकवल्याने त्यांना इजा होऊन पक्षाघातही संभवतो, असा इशारा १९७२ मध्येच ऑक्सफर्डच्या एका मेंदुविकारतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिला होता. असे क्वचित घडते. पण घडले तर परतीचा रस्ता नसतो. शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो, हे २००६ मध्ये आपल्याकडच्याच नेत्रतज्ज्ञांनी मोजून दाखवले. तेव्हा काचबिंदू असलेल्याने, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्याने, रक्तदाब ताब्यात नसलेल्याने आणि मानेचे मणके झिजलेल्याने डोके खाली व पाय वर अशा आसनांच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर जमिनीवर उताणे निजून पाय भिंतीला लावून ठेवावेत. दहा मिनिटांत जो निवांतपणा मिळतो, तो अनेकांना पुरेसा असतो.

आणि ज्यांना अशी बाधा नाही, त्यांनीही घाई करू नये. विपरीतकरणीबद्दल हठप्रदीपिका काय म्हणते? पहिल्या दिवशी क्षणभरच करावी, मग दिवसागणिक थोडी थोडी वाढवावी. पहिल्या दिवशी क्षणभर! आपल्या वर्गात पहिल्याच दिवशी घड्याळ लावून तीन मिनिटे धरायला सांगितली जातात.

पाठीचे तसेच. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकलेच पाहिजे, हा हट्ट मला दर महिन्याला ऐकावा लागतो. ‘सर, पाठीवर जरा दाब द्या ना, टेकतच आलंय,’ असे म्हणतात. ‘काकू, कपाळ टेकून काय मिळणार आहे?’ असे विचारले की काकू हसतात. मुद्दा कपाळाचा नाही, कमरेचा आहे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ओटीपोटाचा भाग पुढे कलत नाही; मग माणूस पाठीचीच कमान करून पुढे पोचतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो. त्यात कुणी मागून ढकलले तर विचारायलाच नको. गुडघे थोडे वाकवावेत, बुडाखाली घडी घ्यावी, पाठ सरळ ठेवून जेवढे जाता येईल तेवढेच जावे. पाळी गेलेल्या स्त्रियांनी तर विशेष जपावे. मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाठीची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया होत्या. ज्यांना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यापैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नव्याने इजा झाली. ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के निघाले. संख्या लहान होती हे खरे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्या बाईने जोर लावून पुढे वाकणे टाळावे. डॉक्टरांना विचारून, पालथे झोपून छाती जरा वर उचलणारे हलके भुजंगासन करावे, हे उत्तम.

आसनांपेक्षा प्राणायाम निरुपद्रवी, असाही एक समज आहे. हठप्रदीपिका नेमके उलटे सांगते. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू माणसाळवायचे, तसाच श्वास हळूहळू ताब्यात घ्यायचा; नाही तर तो साधकाचाच घात करतो, असा तिचा दम आहे. कपालभातीची तर त्या ग्रंथात प्राणायामात गणनाच नाही. ती शुद्धिक्रिया आहे, धौती-नेतीच्या रांगेतली. आणि या शुद्धिक्रिया मेद व कफ वाढलेल्यांनी कराव्यात, इतरांना त्यांची गरज नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टीव्हीच्या पडद्यासमोर ही क्रिया घरोघर सुरू झाली आणि शेकड्यांत मोजली जाऊ लागली. हर्निया असलेले, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेले, हृदयविकाराचे, फेफरे येणारे, गर्भवती, सगळे एकाच मापाने पोट आत मारू लागले. या सर्वांना ती वर्ज्य आहे. धडधाकट माणसानेही अती जोर करू नये. जोरकस प्राणायामानंतर फुप्फुस फाटून छातीत हवा साठल्याची एका तरुण स्त्रीची हकीकत २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. साधा, संथ, नाकाने घेतलेला आणि घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ दिलेला श्वास हा बहुतेकांना पुरेसा प्राणायाम आहे. तो दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणून त्याला मान नाही, इतकेच.

मोजण्यावरून आठवले. आपल्या महाराष्ट्रात योगाला तालमीची एक बाजू आहे. सूर्यनमस्कार आपल्याकडे बलोपासना म्हणून आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा ध्यास घेऊन प्रचार केला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. ही परंपरा अभिमानास्पदच आहे. पण ती रोजच्या सरावाची आहे. आता रथसप्तमी आली की एकशे आठ नमस्कारांचा संकल्प सोडला जातो. वर्षभरात एकही नमस्कार न घातलेला माणूस त्या पहाटे थंडीत, अंग गरम न करता, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकून उभा राहतो. एका नमस्कारात दोनदा पुढे वाकणे, तर एकशे आठमध्ये दोनशे सोळा वेळा! पन्नासाव्या नमस्कारानंतर दंड दमतात, पोट सुटते, भार मनगटांवर आणि कमरेवर येतो. पुढचे अठ्ठावन्न हे फक्त आकडा गाठण्यासाठी असतात. योगदिनाचीही थोडीफार हीच कथा. २०१५ मध्ये दिल्लीच्या राजपथावर पहिल्या योगदिनाला ३५,९८५ माणसांनी एकत्र योग केला. उत्सव म्हणून तो हवाच. परंतु उत्सवात कुणाचा गुडघा वाकडा पडतोय, हे कुणाला दिसणार? उत्सव वर्षातून एकदा; शरीराला मात्र रोज थोडेसे लागते. पंधरा मिनिटे रोज, हे दीड तास रविवारी यापेक्षा कधीही सुरक्षित.

मग थांबायचे कुठे, हे कसे ओळखावे? वर्गात मी तीन खुणा सांगतो. पहिली खूण श्वास. जिथे श्वास अडतो, धापतो किंवा नकळत कोंडला जातो, तिथून एक पाऊल मागे यावे. दुसरी खूण दुखण्याची जात. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारा, पसरट, आसन सोडताच ओसरणारा ताण चालतो. सांध्यात सुई टोचल्यासारखे किंवा कट्‌कन झालेले, हातापायात वीज गेल्यासारखे, मुंग्या-बधिरपणा आणणारे दुखणे चालत नाही, तत्काळ सोडावे. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलताना जीभ जड झाली किंवा हातापायातली शक्ती गेली, तर ‘शवासनात पडून राहा’ नव्हे, सरळ दवाखाना गाठावा. तिसरी खूण दुसऱ्या दिवसाची. एक दिवस अंग जड वाटणे ठीक. तिसऱ्या दिवशीही एकाच जागी दुखत असेल, तर ती मात्रा तुमच्यासाठी जास्त होती. आणखी एक : आसनात जाताना सगळे सांभाळतात, बाहेर येताना सांभाळत नाहीत. हलासनातून पाय धपकन टाकणे, पुढे वाकलेल्या स्थितीतून झटक्यात उभे राहणे, अशा वेळीच पाठ धरते आणि भोवळ येते. ज्या वेगाने गेलात, त्याहून संथ बाहेर या.

शिक्षक कसा ओळखावा, हेही लोक विचारतात. त्याला किती आसने येतात, हे पाहू नका. तो तुम्हाला काय विचारतो ते पाहा. रक्तदाब आहे का, कोणती औषधे चालू आहेत, ऑपरेशन झाले आहे का, डोळे कधी तपासले, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, हे विचारल्यावाचून जो पहिल्याच दिवशी सर्वांगासन घालतो, त्याच्यापासून दूर राहावे. ‘त्यापेक्षा हे करा’ असा पर्याय ज्याच्यापाशी प्रत्येक आसनाला आहे, तो शिक्षक धरून ठेवावा. आणि ‘महिन्याभरात गोळ्या बंद करा’ असे जो सांगतो, त्याला नमस्कार करून घरी यावे. गोळी कमी करायची की नाही, हे तपासून डॉक्टर ठरवतील. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर उपाशीपोटी लांबलचक अभ्यास करण्यापूर्वी त्यांना जरूर विचारावे.

हा डॉक्टर आणि योग यांचा संवाद आपल्याला नवा नाही. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधीच बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचे शरीरावरचे परिणाम तपासत होते. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही. आणि ग्रंथात आहे म्हणून खोटे, असेही मानले नाही. तपासून घ्यावे, मग करावे, ही त्यांची रीत. ती संस्थांपुरती ठेवायचे कारण नाही. आपापल्या सतरंजीवरही ती पाळता येते.

वर्गात नव्या माणसाने ‘किती करू?’ असे विचारले, की मी मिनिटांत किंवा आकड्यांत उत्तर देत नाही. उद्या पहाटे उठून पुन्हा करावेसे वाटेल, इतकेच आज करा, असे सांगतो. कुणाला ते फार थोडे वाटते. पण माझ्या वर्गात आज सत्तरी ओलांडलेल्या ज्या सात-आठ जणी आहेत, त्यांतल्या एकीचेही कपाळ अजून गुडघ्याला टेकलेले नाही. त्या जमिनीवरून हात न टेकता उठतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.